नऊ की दहा? इंद्रलाल रॉयचे कागद जुळवताना

२२ जुलै १९१८. उत्तर फ्रान्समधल्या कार्वाँ गावाच्या आकाशात जर्मन फोकर विमानांशी झालेल्या चकमकीत लेफ्टनंट इंद्रलाल रॉय मारला गेला. वैमानिक, ४० स्क्वॉड्रन (विमानांची तुकडी), रॉयल एअर फोर्स. जन्म कोलकात्याचा, २ डिसेंबर १८९८. म्हणजे वय १९ वर्षं, ७ महिने, २० दिवस. एवढं कुठेही वाचायला मिळतं. त्यामागचे मूळ कागद एकेक करून मिळवायचे आणि तारखेनं लावायचे, हे काम जानेवारीत सुरू केलं आणि नोव्हेंबरच्या शेवटी संपलं. त्यानं शत्रूची विमानं नऊ पाडली की दहा, हा प्रश्नही त्यातच सुटला. त्यातला निम्मा वेळ चुकीच्या दारावर थांबण्यात गेला. तो दुसऱ्या कुणाचा जाऊ नये म्हणून हे लिहितो आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात असलेल्या कुठल्याही अधिकाऱ्यासाठी हीच वाट चालते.

(एकोणीस वर्षांच्या पोराला सारखं ‘रॉय यांनी’ लिहिताना हात अडखळतो. म्हणून पुढे एकेरीच आहे. त्यात अनादर नाही.)

सगळ्यात आधी, कुठे शोधायचं नाही ते. वैमानिक भारतीय, तेव्हा कागद दिल्लीत असतील असं वाटतं. नसतात. भारतीय हवाई दलाची स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ ची. त्याआधी चौदा वर्षं गेलेल्या मुलाची नोंद त्याच्याकडे कुठून असणार? इंद्रलाल ब्रिटिश सैन्याच्या रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये भरती झाला. १ एप्रिल १९१८ ला ही कोअर आणि नौदलाची हवाई शाखा एकत्र करून रॉयल एअर फोर्स झालं. म्हणजे तो एका दलात शिरला आणि दुसऱ्या दलात असताना मेला, मध्ये त्यानं स्वतः काहीही न बदलता. कागदांचीही तशीच फाटाफूट झाली आहे. हे डोक्यात पक्कं नसेल तर पुढच्या प्रत्येक शोधात ‘नोंद आढळली नाही’ असं उत्तर येतं आणि आपण नोंदच नाही असं समजून बसतो.

पहिली पायरी फुकटची आहे: कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन या युद्धातल्या मृतांच्या कबरी सांभाळणाऱ्या संस्थेची यादी. नाव, हुद्दा, मृत्यूची तारीख, तुकडी, दफनभूमी, कधी आईवडिलांची नावं आणि पत्ता. इथला सापळा शोधाच्या गाळणीत (फिल्टरमध्ये) आहे. देशाच्या जागी ‘भारत’ निवडलं की इंद्रलाल यादीतून गायब. रॉयल एअर फोर्स ब्रिटनचं दल, म्हणून त्याची गणना युनायटेड किंग्डममध्ये होते. देश मोकळा ठेवा, दल ‘हवाई’ निवडा, मृत्यूचं वर्ष टाका, आणि आडनावासोबत फक्त पहिलं अक्षर द्या. संपूर्ण नाव कधीच टाकू नका. शंभर वर्षांपूर्वीच्या कारकुनानं ‘इंद्र’ आणि ‘लाल’ जोडून लिहिलं की तोडून, यावर शोध फसतो. वडिलांचं नाव प्यारेलाल, पिएरालाल, पेरीलाल असं वाटेल तसं भेटतं. आईचं ललिता आणि लोलिता असं दोन्ही.

नावाच्या बाबतीत आपल्याकडचंच एक उदाहरण आहे. मुंबईचा श्रीकृष्ण वेलिंकर, केंब्रिजला शिकलेला, २३ स्क्वॉड्रनमध्ये सॉपविथ डॉल्फिन विमानावर होता. २७ जून १९१८ ला तो पाडला गेला आणि ३० जूनला जखमांनी जर्मनांच्या ताब्यात असताना मेला. जर्मनांनी पुरताना त्याचं आडनाव ओळखू येणार नाही असं लिहिलं, त्यामुळे कबर नक्की कुणाची हे ठरायला युद्ध संपून वर्षं जावी लागली. आज तो आँगार गावाच्या दफनभूमीत आहे. मराठी आडनावं शोधणाऱ्यांनी म्हणून वेलिंकर, वेलिणकर, वेलिंगकर असे सगळे पर्याय तर चालवावेतच, शिवाय आधीची अक्षरं मोकळी ठेवून नुसतं शेवटचं ‘-कर’ही शोधावं.

कमिशनच्या पानावर नावाखाली जुन्या फॉर्मचे स्कॅन असतात, बहुतेक लोक ते उघडतच नाहीत. कबरीची नोंदणी, देह दुसरीकडून हलवला असेल तर त्याचा तक्ता, आणि दगडावर काय कोरायचं त्याची यादी. दगडावर स्वतःच्या ओळी हव्या असतील तर कुटुंबाला जास्तीत जास्त ६६ अक्षरं मिळत, मधल्या मोकळ्या जागा धरून, आणि दर अक्षराला साडेतीन पेन्स मागितले जात. (न्यूझीलंडनं ही पद्धत नाकारली, गरीब-श्रीमंत भेद नको म्हणून.) हे फॉर्म लगेच उतरवून ठेवा आणि फाईलला तारखेनं सुरू होणारं नाव द्या: १९१८-०७-२२. पुढे चाळीस फाईली झाल्या की याची किंमत कळते.

दुसरी पायरीही फुकट: लंडन गॅझेट. ब्रिटिश सरकारचं राजपत्र. अधिकाऱ्याची नेमणूक, बढती, पदक यातलं काहीही गॅझेटात आल्याशिवाय पक्कं नसे. इंद्रलालची सेकंड लेफ्टनंट म्हणून नेमणूक ५ जुलै १९१७ पासूनची. इथे लक्षात ठेवायचं की गॅझेटाच्या अंकाची तारीख आणि नेमणूक लागू झाल्याची तारीख वेगळ्या असतात. अंक नंतरचा असतो. लागू झाल्याची तारीख ओळीच्या शेवटी बारीक अक्षरात छापलेली असते आणि तीच खरी धरायची. एकाच माणसाच्या भरतीच्या दोन तारखा वेगवेगळ्या लेखांत दिसल्या तर आधी हे तपासावं.

गॅझेटाचा शोध यंत्रानं वाचलेल्या मजकुरावर चालतो, आणि जुन्या छपाईतली अक्षरं यंत्र वाटेल तशी वाचतं. नाव टाकून काही सापडलं नाही म्हणून सोडू नका. तारीख टाका आणि पानं डोळ्यांनी चाळा. इंद्रलालचं डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस २१ सप्टेंबर १९१८ च्या पुरवणीत आहे. हे पदकच तेव्हा नवीन, ३ जून १९१८ ला सुरू झालेलं. ते मिळवणारा तो पहिला भारतीय. गौरवाचा मजकूर दोन वाक्यांचा आहे: अत्यंत शूर आणि निर्धारी अधिकारी, तेरा दिवसांत शत्रूची नऊ विमानं, आणि एकाहून अधिक वेळा एकाच गस्तीत दोन.

नऊ. आणि बाकी सगळीकडे लिहिलेलं असतं, तेरा दिवसांत दहा. फेब्रुवारीत इथे मी अडकलो आणि ऑगस्टपर्यंत सुटलो नाही. त्याबद्दल पुढे.

तिसऱ्या पायरीला पैसे लागतात. लंडनजवळ क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये ‘ए.आय.आर. ७६’ नावाची मालिका आहे, रॉयल एअर फोर्सच्या अधिकाऱ्यांची सेवापत्रकं. स्कॅन घरबसल्या मिळतो. मी घेतला तेव्हा साडेतीन पौंड पडले. रक्कम किरकोळ, पण आपल्या कार्डावर व्यवहार अडतो, कारण रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानं नव्या कार्डावर परदेशी व्यवहार मुळातच बंद असतात. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ते आधी सुरू करावे लागतात, मर्यादा ठरवावी लागते, काम झालं की पुन्हा बंद करावे. तीनदा पैसे नाकारले गेल्यावर हे सुचलं.

रॉय आडनावाचे अनेक अधिकारी सापडतात, त्यात स्कॉटिश रॉयही भरपूर. विकत घेण्याआधी नावाची अक्षरं दोनदा पाहा.

पत्रक हाती आलं की पहिल्यांदा निराशा होते. कुठे गोष्ट नाही, वाक्य नाही. जवळच्या नातेवाइकाचा पत्ता, नेमणुकांच्या तारखा, तुकड्यांचे आकडे, वैद्यकीय मंडळाचे निकाल, आणि सगळीकडे दोन-तीन अक्षरांची लघुरूपं. ‘एच.ई.’ म्हणजे होम एस्टॅब्लिशमेंट, माणूस मायदेशी आहे. ‘ई.एफ.’ म्हणजे एक्स्पिडिशनरी फोर्स, माणूस फ्रान्समध्ये लढाईवर. ‘एम.बी.’ म्हणजे मेडिकल बोर्ड. या तीन लघुरूपांवर अख्ख्या पत्रकाचा सांगाडा उभा राहतो. ती ओळखली की प्रत्येक ओळ स्वतंत्र कागदावर लिहून काढा, तारीख डावीकडे, जागा उजवीकडे. दोन तारखांमध्ये मोठं अंतर पडलं की तिथे काहीतरी घडलेलं असतं.

याच्या जोडीला लंडनच्या रॉयल एअर फोर्स म्युझियमनं ‘कॅज्युअल्टी फॉर्म’ फुकट ठेवले आहेत. हा शब्द पाहून छातीत धस्स होतं. इथे त्याचा अर्थ मृत्यू किंवा जखम असा नाही. फ्रान्समध्ये असताना माणसाच्या हजेरीत झालेला कुठलाही बदल म्हणजे कॅज्युअल्टी: रजेवर गेला, रजेवरून आला, रुग्णालयात, दुसऱ्या तुकडीत. एकेका ओळीत एकेक. खरं तर सगळ्या कागदांत हाच सर्वांत उपयोगी. सेवापत्रक मागाहून कार्यालयात बसून भरलं जाई, हा फॉर्म घटना घडेल तसा भरला जाई. दोघांत एक-दोन दिवसांचा फरक दिसला तर मी कॅज्युअल्टी फॉर्मची तारीख धरतो.

ब्रिटिश सैन्याच्या अधिकाऱ्यांच्या जुन्या फाईली ‘डब्ल्यू.ओ. ३३९’ या मालिकेत आहेत. त्यांच्यावर फार आशा ठेवू नका. मुख्य सेवापत्रकं सप्टेंबर १९४० मध्ये लंडनवरच्या बॉम्बहल्ल्यात जळाली आणि उरलेल्या पत्रव्यवहारातूनही बरंच काही आधीच काढून टाकलेलं होतं.

या तीन-चार कागदांवरून एप्रिलअखेर जो क्रम लागला तो असा. १९०१ च्या सुमारास कुटुंब लंडनला आलं. वडील बॅरिस्टर. इंद्रलाल हॅमरस्मिथच्या सेंट पॉल्स शाळेत शिकला, ऑक्सफर्डची शिष्यवृत्तीही मिळवली होती. एप्रिल १९१७ मध्ये फ्लाइंग कोअर. वय अठरा पूर्ण. फ्रान्समधल्या वाँदोम इथे उड्डाणाचं शिक्षण, स्कॉटलंडच्या टर्नबेरीला नेमबाजी. ३० ऑक्टोबर १९१७ ला ५६ स्क्वॉड्रनमध्ये दाखल. ६ डिसेंबरला एस.ई.५ए विमान कोसळलं. मग मायदेश, वैद्यकीय मंडळ, ‘अयोग्य’ असा शेरा, त्यावर त्याचे अर्ज. जून १९१८ मध्ये ४० स्क्वॉड्रन. २२ जुलै. आघाडीवरचा एकूण काळ दोन्ही वेळचा मिळून साधारण अडीच महिने. कागद जमिनीवर पसरून हा आकडा मांडला तेव्हा पुन्हा बेरीज करून पाहिली.

या क्रमात दोन गोष्टी बसत नाहीत, आणि त्याच सगळ्यांना आवडतात. पहिली, डोळे कमजोर म्हणून नाकारल्यावर त्यानं मोटारसायकल विकून नामांकित नेत्रतज्ज्ञाची फी भरली आणि निकाल फिरवून आणला. दुसरी, डिसेंबरच्या अपघातानंतर त्याला मेलेला समजून शवागारात ठेवलं आणि शुद्धीवर येऊन त्यानं दार ठोठावलं. कुठल्या फॉर्ममध्ये यासाठी रकाना असणार? मी दोन्ही वेगळ्या रंगात लिहिल्या, समोर ‘असं सांगतात’. तारखेच्या रांगेत त्यांना बसवायचा मोह आवरला पाहिजे, कारण एकदा रांगेत बसली की सहा महिन्यांनी आपल्यालाच ती कागदावरची नोंद वाटायला लागते. दुखापतीच्या काळात त्यानं विमानांची रेखाटनं केली, ती मात्र टिकून आहेत. त्यांना पुरावा म्हणायला हरकत नाही.

नात्यांच्या बाबतीतही हीच शिस्त. हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख सुब्रतो मुखर्जी हे इंद्रलालचे भाचे, असं जागोजागी छापलेलं आहे. मुखर्जींचे आजोळचे आजोबा डॉ. प्रसन्नकुमार रॉय, प्रेसिडेन्सी कॉलेजचे प्राचार्य. इंद्रलालचे वडील प्यारेलाल रॉय. दोघांची इंग्रजी आद्याक्षरं जवळजवळ सारखी आणि आडनाव एकच. सख्खे मामा-भाचे असायला आजोबा एकच लागतात. मी ते नातं गाळलं.

आईच्या नावानं शोधायला विसरू नका, हे मला फार उशिरा सुचलं. १७ जून १९११ ला लंडनमध्ये स्त्रियांच्या मताधिकारासाठी मोठी मिरवणूक निघाली, त्यात भारतीय स्त्रियांचा एक गट होता. त्याच्या छायाचित्रात आणि बातम्यांत ललिता रॉय आहेत. इंद्रलाल तेव्हा साडेबारा वर्षांचा. त्याच वर्षी एप्रिलमध्ये इंग्लंडची जनगणना झाली. तिचे तक्ते खासगी वंशावळ-संकेतस्थळांवर पैसे भरून मिळतात, क्यूच्या वाचनालयात गेलात तर फुकट. मोठा भाऊ परेशलाल युद्धात ऑनरेबल आर्टिलरी कंपनीत होता आणि पुढे भारतातल्या मुष्टियुद्धाचा जनक म्हणून ओळखला गेला. एका माणसाचे कागद थांबले की घरातल्या दुसऱ्याचे सुरू करायचे. पत्ते, तारखा तिथून मिळतात.

आता लढाईचे कागद. हे संगणकावर नाहीत. स्क्वॉड्रनच्या नोंदवह्या आणि चकमकींचे अहवाल क्यूच्या ‘ए.आय.आर. १’ या अवाढव्य मालिकेत आहेत. स्वतः जाणार असाल तर वाचक-पत्र फुकट मिळतं, ओळखीचा आणि पत्त्याचा असे दोन पुरावे लागतात. रविवार-सोमवार बंद. शाईचं पेन चालत नाही, पेन्सिल न्या. स्वतःच्या कॅमेऱ्यानं, फ्लॅश बंद ठेवून, हवे तेवढे फोटो काढता येतात. इथून जाणं शक्य नसेल तर दोन मार्ग. आर्काइव्ह्जकडून प्रती मागवणं, त्यात आधी नुसती पानं मोजण्याचं शुल्क (ते परत मिळत नाही), मग प्रतींचा खर्च. किंवा तासावर काम करणारे स्वतंत्र संशोधक. मी दुसरा निवडला. दोन तासांचे साठ पौंड, पाच आठवडे वाट.

संशोधकाला ‘रॉयबद्दल जे असेल ते’ असं कधी सांगू नका. तास संपतो आणि हाती संदर्भांची यादी येते. स्क्वॉड्रनचा आकडा, पहिली आणि शेवटची तारीख, आणि ‘या दरम्यानचं प्रत्येक पान, नाव असो वा नसो’ असं लिहा. नाव नसलेली पानंच पुढे कामाला येतात, कारण एकाच चकमकीवर सोबतच्या वैमानिकानंही अहवाल लिहिलेला असतो.

अहवाल म्हणजे एक छापील फॉर्म, वर ‘कॉम्बॅट्स इन द एअर’. स्क्वॉड्रन, विमानाचा प्रकार आणि क्रमांक, शस्त्रं, वैमानिक, जागा, तारीख, वेळ, उंची. उजवीकडे निकालाच्या तीन ओळी: नष्ट, ताबा सुटून खाली गेलं, खाली पिटाळलं. मग टंकलिखित मजकूर. शस्त्रांच्या ओळीत एस.ई.५ए साठी नेहमी दोन मशीनगन दिसतात. एक विकर्स, पंख्याच्या पात्यांमधून गोळ्या सुटतील अशा मेळानं बसवलेली. दुसरी लुईस, वरच्या पंखावर, वाकड्या लोखंडी पट्टीवर. लुईसचा ९७ गोळ्यांचा डबा संपला की ती गन पट्टीवरून खाली ओढायची, डोक्याच्या वर हात करून, वाऱ्याच्या झोतात रिकामा डबा काढायचा, भरलेला बसवायचा, गन परत वर ढकलायची. विमान तोवर गुडघ्यांत धरलेल्या दांड्यावर. अहवालांत ‘डबा बदलला’ एवढंच येतं. त्या दोन शब्दांत काय काय होतं हे कळल्यावरच चकमकीच्या मधला वेळ समजतो.

‘ताबा सुटून खाली गेलं’ हा प्रकार का होता, हेही समजून घ्यायला हवं. ब्रिटिश गस्ती जर्मन हद्दीत शिरून लढत. पाडलेलं विमान पडणार शत्रूच्या जमिनीवर. तिथे जाऊन अवशेष कोण मोजणार? आगीचे लोळ दिसले, तुकडे उडाले, जमिनीवर आदळताना पाहिलं तर ‘नष्ट’. गरगरत ढगात दिसेनासं झालं तर ‘ताबा सुटला’. दोन्ही विजयात धरत. इंद्रलालच्या नावावर दोन्ही प्रकारचे पाच-पाच, आणि प्रत्येकी एक सोबत्याबरोबर वाटून घेतलेला. वाटून घेतलेला विजय दोन अहवालांत येतो. तो दोनदा मोजला की आकडा फुगतो, दुसऱ्याच्या नावावर टाकला की आटतो. मला वाटलं नऊ-दहाचं कोडं इथेच असणार. नव्हतं.

शेवटी तारखा एका उभ्या रांगेत लिहिल्या. (नावं जर्मन विमानांच्या प्रकारांची.)

६ जुलै: द्रोकूरवर एक हॅनोव्हर.
८ जुलै: चार तासांत तीन, दोन हॅनोव्हर, एक फोकर डी-७.
१३ जुलै: दोन, एक हॅनोव्हर, एक फाल्ट्झ डी-३.
१५ जुलै: दोन फोकर डी-७.
१८ जुलै: एक डी.एफ.डब्ल्यू. सी-५.
१९ जुलै: कान्यीकूरवर एक हॅनोव्हर.

बेरीज दहा. आता बोटांवर मोजा. ६ ते १८ जुलै, दोन्ही दिवस धरून, तेरा दिवस. १८ तारखेपर्यंतची बेरीज नऊ. गॅझेटातलं वाक्य, तेरा दिवसांत नऊ, १८ जुलैच्या संध्याकाळपर्यंत अक्षरशः बरोबर आहे. शिफारशीला धरलेला हिशोब तिथे थांबलेला दिसतो. १९ ची विजयनोंद त्यात मावली नाही. मागाहून लिहिणाऱ्यांनी आकडा दहा केला, पण ‘तेरा दिवस’ तसेच ठेवले. ६ ते १९ हे चौदा दिवस होतात. नऊ आणि दहा दोन्ही खरे, त्यांची जोडी चुकीची लावली की गोंधळ.

सहा महिने मी दोन कागदांपैकी खोटा कोणता ते शोधत होतो. तारखेची रांग पहिल्याच आठवड्यात लावली असती तर एका दुपारी काम झालं असतं.

२२ जुलैकडे मी सगळ्यात शेवटी गेलो. त्या दिवशीचं विमान एस.ई.५ए, क्रमांक बी १८०. समोर यागश्टाफेल २९ या जर्मन लढाऊ तुकडीचे फोकर डी-७. एखाद्या चकमकीच्या दोन्ही बाजू जुळवताना घड्याळं आधी जुळवावी लागतात. एप्रिलच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत १९१८ मध्ये जर्मन वेळ दोस्त राष्ट्रांच्या वेळेपेक्षा एक तास पुढे होती. हा तास विसरला तर एकाच लढाईच्या दोन लढाया होतात. जर्मन बाजूचे कागद तुटपुंजे आहेत, कारण पॉट्सडॅमचं लष्करी अभिलेखागार एप्रिल १९४५ च्या हल्ल्यात जळालं.

वैमानिक परतला नाही की स्क्वॉड्रन ‘बेपत्ता’ लिहितं. मृत लिहीत नाही. कागदावरच्या या दोन शब्दांमधलं अंतर कधी आठवड्यांचं, कधी महिन्यांचं असतं. घरी तेवढा काळ आशा असते. ती कुठल्याच फॉर्ममध्ये येत नाही. कैदी झालेल्यांच्या नोंदी जिनीव्हाच्या रेडक्रॉसनं संगणकावर फुकट ठेवल्या आहेत, त्या देशानुसार आणि आडनावानुसार लावलेल्या कार्डांवरून पाहाव्या लागतात. बेपत्ता झालेल्या कुणाचाही शोध तिथे घ्यावाच.

वाचण्याची शक्यता कमी का होती, याची दोन कारणं प्रत्येक पानावर दिसतात. त्या भागात वारा बहुतेक वेळा पश्चिमेकडून वाहतो. झुंजताना विमानं पूर्वेकडे, जर्मन हद्दीत आणखी आत ढकलली जात, आणि जखमी विमानाला घरी यायचं तर समोरून वारा. दुसरं, ब्रिटिश वैमानिकांना पॅराशूट दिलेलं नव्हतं. जर्मनांनी त्याच उन्हाळ्यात ते वापरायला सुरुवात केली होती.

नावं नसलेली पानं मागवली होती म्हणून त्या आठवड्याचं बाकीचंही दिसलं. इंद्रलालचा फ्लाइट कमांडर जॉर्ज मॅकएलरॉय ३१ जुलैला मारला गेला. ४० स्क्वॉड्रनचाच आधीचा वैमानिक मिक मॅनॉक २६ जुलैला, तेव्हा ८५ स्क्वॉड्रनचा प्रमुख. दहा दिवसांत तिघं. मॅनॉकची ज्ञात कबर नाही, आरासच्या स्मारकावर फक्त नाव आहे. मॅकएलरॉय लावाँतीला पुरला आहे.

इंद्रलालची कबर कार्वाँजवळच्या एस्तव्हेल गावात आहे, गावाच्या साध्या दफनभूमीत. पडला तेव्हा हा सगळा भाग जर्मनांच्या हाती होता, म्हणून इथे. जायचं असेल तर लाँस शहरापर्यंत रेल्वे आणि पुढे रस्त्यानं. मी गेलो नाही. कबरींचे फोटो काढून पाठवणारे स्वयंसेवक असतात, त्यांच्याकडे विनंती केली. नाव, दफनभूमी आणि कबरीचा क्रमांक द्यावा लागतो, आणि कोरलेला मजकूर तिरक्या उजेडात, सकाळी लवकर किंवा संध्याकाळी टिपायला सांगावं लागतं. दुपारच्या उन्हात अक्षरं दिसत नाहीत. पहिला फोटो दुपारचा आला. दुसऱ्यासाठी सात आठवडे थांबलो.

दगडावर फ्रेंच आहे आणि बंगाली आहे. बंगाली लिपी येत नसली तरी तक्ता समोर ठेवून अक्षर अक्षर देवनागरीत उतरवता येतं, बरेच शब्द आपलेच निघतात. माझ्या वहीत उतरलं ते असं: महावीरेर समाधि, सम्भ्रम देखाओ, स्पर्श कोरो ना. पहिले आणि शेवटचे शब्द लगेच कळले. महावीराची समाधी. स्पर्श करू नका. मधल्यावर मी बराच वेळ थांबलो. संभ्रम दाखवा? बंगाली येणाऱ्या एकाला विचारलं. बंगालीत संभ्रम म्हणजे आदर.